हॅनाचा सिनेमा

"अरे, सांभाळून! आधी यंत्र उतरव, मग तू उतर!"

नाना फाटकाशी उभे राहून ओरडत होते. शिरीषदादा सायकलरिक्षातून उतरायच्या प्रयत्नात होता. त्याच्या मांडीवर व्हीसीआर होता, गळ्यात वायरींचं भेंडोळं होतं आणि कॅसेट पडू नये म्हणून त्यानं ती शर्टाच्या आत घातली होती. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन. त्यात रविवारची दुपार, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी नानांचा आवाज ऐकून समोरच्या घराची खिडकी उघडलीच.

"मिळाला का तोच?" नानांनी विचारलं.

"तोच हो. मुंबईहून मागवून घेतला त्या लायब्ररीवाल्यानं. म्हणत होता, इतका जुना सिनेमा कोण पाहून राहिलं आता?"

"त्याला काय कळतं!" नाना म्हणाले आणि घरात वळून त्यांनी हाक दिली, "कुमुद, आला बरं का तुझा सिनेमा!"

आतून उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

आई कूलरसमोर वेताच्या खुर्चीत बसली होती. जानेवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, सगळं एकाच सकाळी गेलं. पाय थोडाफार परतला. काठी धरून ती न्हाणीघरापर्यंत जायची. वाचा मात्र परतली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. कधी, कशानं उघडेल सांगता येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी."

म्हणून मी रोज सकाळी तिच्यासमोर बसायचे. चमचा दाखवायचे, कप दाखवायचे. "आई, म्हण बरं, च... चमचा." जिनं उभा जन्म कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्या बाईला मी चमचा म्हणायला सांगत होते. ती डोळे मिटून घ्यायची. मीही मग चमचा खाली ठेवायचे.

मी भिलाईहून मार्चमध्ये आले होते. आईच्या सेवेला आले असं सगळे समजत होते, आणि मीही तसंच सांगितलं होतं.

सिनेमाची कल्पना नानांची. हॉलीवूडचा तो जुना, काळापांढरा सिनेमा आमच्या घरात 'हॅनाचा सिनेमा' म्हणूनच ओळखला जायचा. एका नामवंत अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून काढलेला. आईनाना महाल भागातल्या भरल्या घरात राहायचे तेव्हाची गोष्ट. सासू, सासरे, दीर, जावा, आणि नवराबायकोला चार शब्द बोलायला जागा नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एकटे बाहेर पडले ते सदर भागातल्या टॉकीजमध्ये हा सिनेमा पाहायला. नाना ती हकिकत दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सांगत. "शेवटी ही इतकी रडली, इतकी रडली, की माझा रुमाल पिळून काढावा लागला! इंटरपर्यंत इंग्रजी शिकलेली मुलगी, पण मन किती हळवं, तेव्हा कळलं मला." इथवर आले की आई चहा टाकायला उठायची. पुढे ती एम.ए. झाली, कॉलेजात लागली आणि त्याच कादंबरीचा तिनं मराठी अनुवाद केला. तिच्या नावावर तेवढं एकच पुस्तक.

"जुनी आठवण जागी झाली तर शब्दही जागे होतील," नाना म्हणाले होते. सिंचन खात्यात इंजिनियर होते ते. पाणी अडलं असेल तर कुठून तरी वाट काढून द्यायची, एवढं त्यांना ठाऊक होतं.

पडदे ओढले, कूलर बारीक केला. नानांनी स्वतःची खुर्ची आईच्या खुर्चीला लावली आणि सिनेमा सुरू झाला.

उत्तरेकडचं बर्फातलं गाव. लाकूड कापायची एक गिरणी, गिरणीचा मालक जोनास आणि त्याची बायको हॅना. आठवड्यातून एकदा तिथे गाडी यायची. जोनास वाईट माणूस नव्हता. दारू प्यायचा नाही, हात उगारायचा नाही. फक्त घरातली प्रत्येक गोष्ट तो ठरवायचा आणि ठरवून झाल्यावर हॅनाला कळायची.

"बघ, आता ती चर्चमधून घरी येते," नाना आईला आधीच सांगून मोकळे होत होते.

हॅना घरी येते. हातमोजे काढते, आणि बघते तर तिचा पियानो जागेवर नाही. माहेरून आणलेला पियानो. जोनास हसत येतो, तिच्या खांद्यांवर हात ठेवतो आणि म्हणतो, "बघ, खोली केवढी मोठी झाली!"

मी उठले. "कूलरमध्ये पाणी घालून येते," म्हणाले.

"आत्ताच तर घातलं," दादा म्हणाला.

मी मागच्या अंगणात जाऊन बादली भरत उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही. परत आले तेव्हा सिनेमा बराच पुढे गेला होता. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे नजर वळवली.

शेवट आला. स्टेशन, बर्फ, संध्याकाळ. हॅना बॅग घेऊन फलाटावर उभी. जोनासला कळलंय, तो कंदील घेऊन धावत येतो. गाडीची शिट्टी. इंजिनाच्या वाफेनं आणि धुरानं सगळा पडदा पांढरा होतो. गाडी निघून जाते. हळूहळू धूर विरतो, आणि हॅना फलाटावर तशीच उभी असते. बॅग हातातून गळून पडते. जोनास अंगातला कोट काढून तिला पांघरतो. व्हायोलिनं वाजायला लागतात.

नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वा! काय केलंय, नाही?"

"खो...टं."

आधी वाटलं दादाच बोलला. मग आम्ही तिघांनी एकदम वळून पाहिलं.

"खोटं," आई म्हणाली. शब्द जड होता, ओबडधोबड होता, पण पुरता होता.

त्यानंतर काय गोंधळ झाला! दादा खाली बसून तिचे गुडघे धरून म्हणत होता, "आई, पुन्हा म्हण! एकदा म्हण!" नाना तिचा चेहरा ओंजळीत घेऊन हसत होते, रडत होते. मग दादा डॉक्टरांना फोन लावायला धावला आणि नाना देवापुढे साखर ठेवायला.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं असावं, कारण दादा फोनवर ओरडून सांगत होता, "खोटं म्हणाली, डॉक्टर! खोटं! आता ते का म्हणाली काय माहीत, पण म्हणाली!"

आई मात्र आनंदात नव्हती. ती डाव्या हातानं खुर्चीचा हात बडवत होती. मग तिनं बोट केलं, पुस्तकांच्या कपाटाकडे.

मला उमगलं. वरच्या खणातून तिचं पुस्तक मी काढलं. आई मुलांच्या वह्या वाचते आणि मुलं आईची पुस्तकं नुसती चाळतात, तसं मी ते कॉलेजात असताना चाळलं होतं. शेवट आठवतच नव्हता. आईनं मान हलवली, पानं उलट, उलट, अशी खूण केली. शेवटच्या पानावर मी थांबले.

"वाचू?"

तिनं डोळ्यांनी हो म्हटलं. मी वाचलं.

"धूर विरला. फलाटावर आता एक कंदील होता, एक माणूस होता आणि बर्फात उमटलेली पावलं होती. जोनासनं कंदील खाली धरला. पावलं डब्याच्या पायरीपर्यंत गेली होती. परत आलेली नव्हती."

पुस्तक तिथेच संपत होतं.

नाना देवघराच्या दारात साखरेची वाटी घेऊन उभे होते. "म्हणजे ती गेली?"

"गेली, नाना."

"पुस्तकात?"

"पुस्तकात."

"मग सिनेमात का राहिली?"

"अहो, बायको निघून जाते असा शेवट केला तर सिनेमा कोण पाहील?" दादा म्हणाला. "कंपनीवाल्यांनी बदलला असेल."

नाना आईसमोर येऊन बसले. वाटी मांडीवर ठेवली.

"कुमुद, तेव्हा टॉकीजमध्ये तू रडली होतीस..."

आईनं टीव्हीकडे बोट केलं. "खोटं."

"म्हणून रडलीस? मूळ गोष्ट तुला ठाऊक होती?"

तिनं मान हलवली. हो.

"आणि म्हणूनच मग हे पुस्तक मराठीत आणलंस?"

पुन्हा हो.

नानांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावरून हात फिरवला. "याच्या प्रकाशनाला हारतुरे मीच आणले होते," ते म्हणाले. "पेढे मीच वाटले. साऱ्या ऑफिसला सांगत सुटलो, बायकोनं पुस्तक लिहिलं म्हणून. वाचलं मात्र नाही. मला वाटायचं, गोष्ट तर माहीतच आहे." मग हळूच, अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "कुमुद, तुला कधी वाटलं होतं का गं... जावंसं?"

आईच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. तेवढीच बाजू हसू शकत होती. त्या हसण्याचा अर्थ हो होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. नानांनाही बहुधा कळला नाही, पण त्यांनी तिचा लुळा हात उचलून स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाईहून मुकुंदचा फोन आला. नानांनीच उचलला.

"हं, बोला, जावईबापू! अहो, आनंदाची बातमी आहे. कुमुदला वाचा फुटली! हो, काल... हो ना... आता निरूला कशाला अडकवून ठेवायचं? शनिवारी येता? या की! घ्या, बोला तिच्याशी."

फोन आईच्या खुर्चीजवळच होता. मी उभ्यानंच बोलले.

"हो. बरी आहे आता आई. बरं. हो, तयार राहते. नाही हो, मला काय होणार? छान आहे मी. शनिवारी. बरं."

मी फोन ठेवला.

"खोटं," आई म्हणाली.

नाना हसले. "एकच शब्द धरून बसलीस की काय?"

पण ती टीव्हीकडे पाहत नव्हती, नानांकडेही नाही. माझ्याकडे पाहत होती. "खोटं," ती पुन्हा म्हणाली. रागावून नाही. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर चुकलं आणि तिला ते येतं हे बाईंना पक्कं ठाऊक असलं, की जसं म्हणतात तसं.

मी तिच्या पायाशी बसले, आणि जे दोन महिने पोटात ठेवलं होतं ते सांगून टाकलं.

भिलाईला मी एका शाळेत गणित शिकवत होते. माझं लग्न झाल्यावर सहा वर्षांत मला जर काही माझं वाटलं असेल तर ती शाळा. फेब्रुवारीत एकदा शाळेतली शिपाईबाई म्हणाली, "बाई, तुम्ही जाणार म्हणे? नवीन बाई येऊन गेल्या." मी हेडमास्तरांकडे गेले. ते संकोचून म्हणाले, "तुमचे मिस्टर येऊन सांगून गेले. पुढच्या वर्षी तुम्ही येणार नाही म्हणाले. तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चाललो." घरी येऊन मी मुकुंदला विचारलं. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न करताच म्हणाला, "तुझी दगदग कमी केली. सांगणारच होतो."

"तेवढंच?" नाना म्हणाले. "म्हणजे, चूकच आहे त्यांची, पण निरू, एवढ्यावरून कोणी..."

"खो..." आईनं सुरुवात केली.

"अगं, माझं वाक्य तर पुरं होऊ दे!" नाना म्हणाले. पण पुरं त्यांनी केलंच नाही. मग माझ्याकडे वळले. "याआधीही असं झालंय?"

"नाना, याआधी काय झालं नाही ते विचारा. मी कोणती साडी नेसायची, आईला महिन्यातून किती वेळा फोन करायचा, मूल आत्ता हवं की नंतर, सगळं ठरून माझ्यापर्यंत येतं. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणून कोणाला सांगायची सोय नाही."

"मग तुला काय हवंय?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही. "मला परत जायचं नाही," मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझी मलाच धास्ती वाटली. घरात मात्र काहीच कोसळलं नाही. कूलर घरघरत होता, आणि आई माझ्या केसांवरून डावा हात फिरवत होती.

शनिवारी मुकुंद आला. आईसाठी मोसंबी घेऊन आला, दोघांना वाकून नमस्कार केला. वागण्यात कधी उणं पडायचं नाही त्याचं.

"बॅग भरलीस?" त्यानं विचारलं. "संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढलीत."

"मुकुंदराव, बसा," नाना म्हणाले. "निरूला तुमच्याशी बोलायचंय. मी मध्ये बोलणार नाही." आणि जन्मभर मध्ये बोलत आलेला तो माणूस आईशेजारी जाऊन हाताची घडी घालून बसला.

मी बोलले. वाक्यं मागेपुढे होत होती, पण बोलले. मुकुंद शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "एवढंच ना? शाळेचंच ना? मी पुन्हा भेटतो हेडमास्तरांना. मिटवून टाकतो."

"तुम्ही भेटू नका. तेच तर सांगतेय मी. माझ्या वतीनं तुम्ही कोणालाच भेटू नका."

तो गोंधळला. खरंच गोंधळला. त्याला त्यातलं काही समजलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की मला त्याची दया आली. आणि आता मागे फिरायचं नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं.

"नाना, तुम्ही समजवा तिला," तो म्हणाला.

नानांनी आईकडे पाहिलं. "मलाच समजायला इतका उशीर झालाय, मी तिला काय समजवू?"

"आई, तुम्ही तरी सांगा."

आम्ही सगळे आईकडे पाहू लागलो. तिला एकच शब्द येत होता आणि तो कोणता, हे नानांना आणि मला ठाऊक होतं. तो शब्द या माणसाच्या तोंडावर पडू नये, असंही कुठंतरी वाटत होतं.

आईचे ओठ हलले. तिनं मुकुंदकडे पाहिलं. उन्हातून आलेला, घामेजलेला जावई.

"च... हा," ती म्हणाली.

नाना ताडकन उठले. "चहा! चहा म्हणाली! बसा, मुकुंदराव, मीच टाकतो." स्वयंपाकघरात डबे वाजू लागले. चहापत्तीचा डबा त्यांना सापडेना, तरी त्यांनी कोणाला विचारलं नाही. तो चहा भयंकर झाला होता. मुकुंदनं सगळा प्यायला. मग तो उठला, दोन तिकिटांतलं एक त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवलं, आणि एकटाच गेला.

त्याच उन्हाळ्यात मला नागपूरच्याच एका शाळेत नोकरी लागली. कायद्यानं वेगळं व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. लोक बोलायचे ते बोललेच, नातेवाइकांनी नानांना नावं ठेवली. काही जणांनी ठपका आईवर ठेवला, म्हणे इंग्रजी पुस्तकं वाचून मुलीच्या डोक्यात नको ते भरवलं. नाना त्यांना सांगत, "इंग्रजी नाही, मराठी. वाचायला देऊ का?"

कारण नाना ते पुस्तक वाचत होते. रोज सकाळी, चमच्याकपांच्या जागी, आईसमोर बसून, पहिल्या पानापासून, मोठ्यानं. प्रकरण संपलं की म्हणायचे, "पुढचं सांगू नकोस हं!" जिला बोलता येत नाही त्या बाईला हे सांगताना त्यांना काही वावगं वाटायचं नाही. आणि त्या वाचनातच एकेक शब्द परत आला. नाना ओळ गाळून पुढे गेले की आई म्हणायची, "चूक." रमून थांबले की म्हणायची, "पुढे." एके दिवशी पियानोच्या प्रकरणात नाना वाचता वाचता गप्प झाले. तेव्हा ती काहीच म्हणाली नाही, बराच वेळ थांबू दिलं त्यांना.

पुस्तक संपलं तेव्हा गणपती जवळ आले होते. मी टेबलाशी बसून चाचणीचे पेपर तपासत होते. शेवटची ओळ वाचून नानांनी चष्मा काढला.

"गाडीत बसली, इथवर ठीक," ते म्हणाले. "पण पुढे? अनोळखी गाव, जवळ पैसा नाही, कोणी ओळखीचं नाही. लेखकानं लिहायला नको? काय झालं तिचं पुढे?"

आई शब्द शोधू लागली. ओठ जुळायचे, सुटायचे. कपाळावर आठी आली. आम्ही दोघं थांबलो. शब्द सुचवायचा नाही, एवढं एव्हाना आम्ही शिकलो होतो. माझं पेन हातातच राहिलं.

"जगली," आई म्हणाली.